टेक्सासच्या कोर्टात उदबत्ती

शुगर लँड

"आपल्या घरात एक कोर्टातलं लग्न झालंय, तेवढं पुरे," असं म्हणून माझ्या धाकट्या भावाने, दिलीपने, भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. ते एक लग्न म्हणजे माझं. मी गरजेपेक्षा दुप्पट भाजी वाढून घेतली.

पुण्याहून शुगर लँडला येऊन मला जेमतेम आठवडा होत होता. ह्यूस्टनजवळचं हे उपनगर. ऑक्टोबर लागला तरी तिथे घाम थांबत नाही, आणि कोथिंबीर आणायची तरी गाडी काढावी लागते. दिलीपचं निम्म्याहून अधिक आयुष्य इथे गेलं. नळातून वायू कसा वाहतो याचा हिशोब मांडणारा हा इंजिनिअर. बायको मेधा डॉक्टर. मुलगी इरा इथलीच, आर्किटेक्ट. मोडकळीला आलेल्या जुन्या सरकारी इमारती पुन्हा उभ्या करणं हे तिचं काम. तिचं लग्न बेन नावाच्या मुलाशी ठरलं होतं. बेनबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. दिलीपने केलेला चहा तो तोंड वाकडं न करता पितो, याहून जास्त जावयाकडून काय हवं?

तक्रार होती ती जागेची. इराला लग्न एका काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, कोर्टात करायचं होतं.

आपल्याकडे "त्यांनी कोर्टात केलं" हे वाक्य आवाज खाली आणून म्हणतात. चाळीसेक वर्षांपूर्वी अकोल्यात माझ्याबद्दल ते असंच म्हटलं जायचं. आमचे हे वेगळ्या जातीचे, म्हणून बाबांनी दार लावून घेतलं. कोर्टाच्या आवारातल्या नोंदणी कार्यालयात, कुरकुरत्या पंख्याखाली सह्या झाल्या. साक्षीला यांचे मित्र होते. माहेरचं कोणी नव्हतं. पुढे नातवंड झालं तसे बाबा निवळले, पण तोवर दिलीपने घरातली ती सगळी वर्षं बघितली होती. आई कोपऱ्यात रडायची आणि लोक चौकशीच्या निमित्ताने चहा पिऊन जायचे.

"बाबा, इट्स नॉट दॅट काइंड ऑफ कोर्ट!" इरा म्हणाली.

"कर ना बेटा, तुझं लग्न आहे," दिलीप म्हणाला. "फक्त मी येणार नाही."

हे तो ओरडून म्हणाला असता तर मी त्याच्याशी भांडले असते. तो हळू म्हणाला. इरा ताट ठेवून वर गेली आणि थोड्या वेळाने माझ्या खोलीत आली. "आत्या, प्लीज, तू काहीतरी कर ना. ही जस्ट नीड्स टु सी द बिल्डिंग."

सकाळी मी दिलीपला सांगितलं, की एवढा समुद्र ओलांडून आले आणि नुसते मॉल बघितले असं मी पुण्यात कोणत्या तोंडाने सांगू? मला टेक्सास दाखव. भारतातून आलेल्या मोठ्या बहिणीला नाही म्हणता येत नाही, हे मला पुरतं ठाऊक होतं. मेधाला सुट्टी नव्हती. तेव्हा गाडी चालवायला इरा, शेजारी दिलीप आणि मागे मी, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन. नवरात्र चालू होतं म्हणून देवीचा छोटा फोटो, उदबत्त्यांचा पुडा आणि काडेपेटी पर्समध्येच होती. आम्ही निघालो.

पहिलं कोर्ट

टेक्सासात रस्ता सरळ जातो म्हणजे किती सरळ, हे सांगून पटणार नाही. दोन्हीकडे पिवळं गवत आणि गवतात गाई. त्या गाडीकडे बघतही नाहीत. मग लांबवर क्षितिजावर एक टोक दिसायला लागतं. देऊळ म्हणावं तर कळस नाही, चर्च म्हणावं तर क्रूस नाही. जवळ जावं तसं त्याचं घड्याळ दिसतं, मग मनोरे, मग खालचा लाल दगड, आणि एका टीचभर गावाच्या मधोमध राजवाडाच उभा राहतो. तो राजवाडा म्हणजे काउंटीचं कोर्ट. भोवती हिरवळ, मग चारही बाजूंनी दुकानं, आणि गाव संपलं.

"हे त्याचं सर्वांत फेमस," इरा म्हणाली. 'त्याचं' म्हणजे तिच्या लाडक्या आर्किटेक्टचं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला हा माणूस. तरुण वयात टेक्सासात आला आणि गावोगाव कोर्टं बांधत सुटला. इराच्या फोनवर त्याचा फोटो होता. अंगावर कडक कोट आणि चेहऱ्याचा अर्धा भाग मिशी. मी त्याचं नाव त्याच क्षणी मिशीवाले ठेवलं आणि प्रवासभर तेच चाललं.

शाळेत मी चित्रकला शिकवत असे. मुंबईतल्या राणीच्या काळातल्या इमारती दाखवायला मुलांना घेऊन जायचे, त्यामुळे कमानी आणि मनोरे मला नवे नव्हते. पण आपल्याकडे त्या बांधल्या राज्य करणाऱ्यांनी. इथे इंग्रजांना घालवून शंभरेक वर्षं उलटल्यावर कापूस पिकवणाऱ्या लोकांनी हौसेने तीच फॅशन मागवली होती! लाल दगडात पांढऱ्या दगडाचे पट्टे, बुटके जाडजूड खांब, त्यांच्या डोक्यावर कोरलेली पानं. पानांत मधूनच चेहरे. त्यातला एक थेट आमच्या नानाकाकांसारखा, कढीत मीठ कमी पडल्यावर व्हायचा तसा. मी मान वर करून हसत सुटले. दिलीपने बघितलं आणि तोही हसला, मग आपण रागावलेले आहोत हे आठवून पुढे चालू लागला.

आत शिरताना माझी पर्स यंत्रातून गेली आणि पहारेकऱ्याने ती बाजूला घेतली. उंचापुरा, पोट सुटलेला, अतिशय सभ्य माणूस. त्याने पर्समधून दोन बोटांनी माझा अडकित्ता बाहेर काढला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"मॅम, हे काय आहे?"

इरा समजावू लागली, पण त्याला पटेना. मग मी सुपारी काढली आणि तिथल्या टेबलावर कातरून दाखवली. त्याने एक तुकडा तोंडात टाकला. पुढचा बराच वेळ तो तोच चघळत राहिला. अडकित्ता त्याने ठेवून घेतला आणि परत जाताना आदराने माझ्या हाती दिला. काडेपेटीला मात्र त्याने हातही लावला नव्हता. या देशात धोकादायक काय नि बिनधोक काय, हे ठरवायची त्यांची रीत मला शेवटपर्यंत उमगली नाही.

आत दिलीप खिशात हात घालून फिरला. "छान आहे," म्हणाला. छान आहे, म्हणजे त्याच्या भाषेत शून्य मार्क.

दुसरं कोर्ट

दुसऱ्या गावाला पोचेपर्यंत भूक लागली. चेक लोकांनी वसवलेलं ते गाव, तिथे कोलाची म्हणून पाव मिळतो. मऊ, गोड, मधोमध खळगा आणि त्यात जर्दाळूचा मुरंबा. कोर्टाच्या हिरवळीवर झाडाखाली बसून मी कोलाचीबरोबर तिखटमिठाची पुरी खाल्ली, आणि वाचकांनी मला हसावं, पण यासारखं काही नाही. शेजारच्या बाकावरच्या आजीबाईंना मी एक पुरी दिली. त्यांनी ती खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि दुसरी मागितली.

हे कोर्ट करड्या दगडाचं, पहिल्याहून लहान. इरा जमिनीवर काडीने नकाशा काढायला लागली. मिशीवाल्यांची खरी कमाल मनोऱ्यांत नाही, म्हणाली. तेव्हा इथे पंखे नव्हते, एसी नव्हते, उन्हाळा मात्र हाच होता. म्हणून त्यांनी दारं चार कोपऱ्यांत घेतली, दारांपुढे खोल सावलीचे ओटे काढले, आणि इमारतीच्या पोटात थेट मनोऱ्यापर्यंत उघडा चौक ठेवला. त्या चौकाच्या कडेने जिना फिरत वर जातो. गरम हवा चौकातून वर चढते, मनोऱ्याच्या झडपांतून बाहेर पडते, आणि तिच्या जागी सावलीतली गार हवा कोपऱ्यांतून आत ओढली जाते.

दिलीप पुरी खायचा थांबला.

"चौकाचा क्रॉस सेक्शन किती?" त्याने विचारलं.

इराने माझ्याकडे बघितलं. मी पुऱ्यांच्या डब्याकडे बघितलं. बाप-लेक काडीसाठी भांडत जमिनीवर वाकले. आत गेलो तर चौक बुजवलेला. मधल्या काळात कोणीतरी तिथे लिफ्ट घातली होती आणि खोटं छत मारलं होतं. दिलीप त्या छताखाली उभा राहून असा हळहळला, जणू त्याच्याच घराची भिंत पाडली होती.

"थिअरी ठीक आहे," गाडीत बसताना तो म्हणाला. "पण प्रूफ कुठाय? असं सगळेच सांगतात."

"उद्याच्या बिल्डिंगमध्ये आम्ही चौक परत ओपन केलाय, बाबा," इरा म्हणाली. "लूव्हर्सपण." लूव्हर्स म्हणजे मनोऱ्याच्या त्या झडपा, आणि उद्याची बिल्डिंग म्हणजे तीच, जिथे तिला लग्न करायचं होतं. ती उभी करण्यात तिची तीन वर्षं गेली होती.

तिसरं कोर्ट

या गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. का, ते पुढे कळेलच.

सकाळी हॉटेलच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या बॉनेटवर देवीचा फोटो ठेवून मी उदबत्ती ओवाळली, कारण खोलीत धूर चालत नाही अशी पाटी होती. तिथून कोर्ट जवळच. गुलाबी दगड, चार कोपऱ्यांत चार ओटे आणि मधोमध मनोरा, सकाळच्या उन्हात नुकती न्हालेली दिसत होती इमारत. मला इतकं भरून आलं, की मी रस्त्यावरच टाळ्या वाजवल्या. दिलीपने इकडेतिकडे बघितलं.

इथे दारावर यंत्र नव्हतं. आत पाऊल टाकलं आणि अंगाला गार वारा लागला. एसी बंद होता. मधला चौक उघडा, जिना त्याच्या कडेने वळत वर गेलेला, आणि अगदी टोकाला झडपांतून येणारा उजेड. इरा काही कागद द्यायला वरच्या कचेरीत गेली. आम्ही दोघं चौकाच्या तळाशी उभे.

दिलीपने खिशातून टिश्यू काढला, त्याची पट्टी फाडली आणि हवेत धरली. पट्टी हलली. "हे काही प्रूफ नाही," तो पुटपुटला. मग माझ्याकडे वळला. त्याचे डोळे लहानपणी रेडिओ उघडायच्या आधी चमकायचे तसे चमकत होते.

"ताई, तुझ्याकडे उदबत्ती आहे ना?"

"दिलीप, अरे कोर्ट आहे हे."

"एवढ्या मोठ्या बिल्डिंगमध्ये एका उदबत्तीने काय होतंय! एकच मिनिट."

मी नको म्हणायला हवं होतं. पण खरं सांगू, मलाही बघायचं होतं. एक लावली. धूर वर गेला, पण इतका बारीक की दिसेना. "सगळ्या लाव," दिलीप म्हणाला. मी मूठभर पेटवल्या.

आणि काय दिसलं म्हणून सांगू! धुराचा गुच्छ जरा घोटाळला, मग चौकाच्या बरोबर मधोमध एक जाड दोर होऊन सरळ वर निघाला. इकडे नाही, तिकडे नाही. पहिला मजला ओलांडला, दुसरा ओलांडला. मोगऱ्याचा वास त्या कोर्टभर दरवळला. दिलीप धुराचा पाठलाग करत जिना चढायला लागला, कठड्यावरून वाकून मला ओरडून सांगत, "ताई, वेग बघ! व्हेलॉसिटी बघ! कुठेही टर्ब्युलन्स नाही! काय माणूस होता यार तो!" साठीला आलेला माझा भाऊ दोन-दोन पायऱ्या चढत होता आणि मी खाली मशालीसारखी मूठ उंच धरून त्याला "जा, जा!" म्हणत होते.

धूर मनोऱ्याशी पोचला आणि सगळ्या कोर्टात घंटा वाजायला लागल्या.

घंटा म्हणजे किती, तर कानावर हात ठेवावेत. भिंतींवर पांढरे दिवे फडफडायला लागले, दारं धडाधड उघडली. फायली छातीशी धरलेल्या बायका, टाय लावलेले वकील, हातात कॉफी घेतलेला शिपाई, काळ्या झग्यातल्या जजबाई, सगळे शिस्तीत जिना उतरून बाहेर निघाले. गर्दीतून इरा आली. तिने माझी मूठ बघितली.

"आत्या! व्हॉट डिड यू गाइज डू?"

मी उदबत्त्या बाहेरच्या कुंडीत खुपसल्या. अग्निशामक गाडी आली. हिरवळीवर सारं कोर्ट उभं, आणि मला वाटलं, आता इराचं लग्न इथे होत नाही. तिलाही तेच वाटलं असणार. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "दे विल नेव्हर लेट अस हॅव इट नाउ," ती म्हणाली आणि माझ्यापासून लांब जाऊन उभी राहिली.

दिलीप मात्र सरळ अग्निशामक दलाच्या प्रमुखाकडे गेला. मी मागोमाग. "सर, मी केलं," तो इंग्रजीत म्हणाला. "मी इंजिनिअर आहे. हा एक्सपेरिमेंट होता." आणि त्याने हातवारे करून चौक, ओटे, झडपा सगळं समजावलं. प्रमुख टोपी मागे सारून ऐकत राहिला. जजबाईही जवळ आल्या. दिलीपचं बोलून संपल्यावर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मग? चालतं का ते?"

"परफेक्टली, मॅडम!" दिलीप म्हणाला. "आणि तुमचा अलार्मसुद्धा."

"अलार्म मी सिलेक्ट केलाय," लांबून इरा म्हणाली. तिचं नाक लाल होतं, पण आवाजात थोडा ताठा आला होता. जजबाई खळखळून हसल्या. असं पुन्हा कराल तर दंड ठोकीन, असं त्यांनी दिलीपला बजावलं आणि मग गर्दीकडे वळल्या, कारण त्यांचं एक काम अर्धवट राहिलं होतं.

ते काम म्हणजे लग्न! गर्दीत एक मुलगी उभी होती, पांढऱ्या झग्याखाली चामडी बूट घातलेली, आणि तिचा नवरा, आणि त्यांच्यामागे आजोबा, आज्या, मावश्या, कडेवरची पोरं असं ही मोठी वरात. अलार्म वाजला तेव्हा ते सगळे वरच्या मोठ्या दालनात होते. आत जायची परवानगी यायला वेळ होता. जजबाई म्हणाल्या, इथेच करू. ओकच्या झाडाखाली त्यांनी दोघांना उभं केलं.

मुलीचा बाप आमच्या शेजारीच होता. मोठी हॅट छातीशी धरून तो उघड उघड रडत होता. दिलीप त्याच्याजवळ सरकला. "सॉरी," म्हणाला, "माझ्यामुळे लग्न बाहेर आलं."

"काही हरकत नाही," तो माणूस नाक पुसत म्हणाला. "आम्ही सगळे इथलेच. माझं इथे झालं, माझ्या आईवडिलांचंही. मुलगी म्हणाली, दुसरीकडे कुठे करणार?"

दिलीप त्याच्याकडे बघत राहिला. मग त्या आज्यांकडे, मावश्यांकडे, पोरांकडे. आमच्या लेखी कोर्टात लग्न म्हणजे घरचे नाहीत म्हणून केलेलं. इथे सगळं घर आलं होतं. मिशीवाल्यांनी एवढा जिना, एवढे मनोरे बांधले ते लोकांनी नटूनथटून यावं म्हणून, हे मला तेव्हा कळलं. लग्न लागलं. टाळ्या झाल्या. माझ्याकडे अक्षता नव्हत्या म्हणून मी नुसतेच हात उधळले, तर कडेवरच्या पोरांनी माझी नक्कल केली.

आत जायची परवानगी मिळाली तसा दिलीप एकटाच आत गेला. पुष्कळ वेळ आला नाही. इरा ओट्यावर गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. शेवटी तो आला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"फेब्रुवारीतला शनिवार घेतलाय," म्हणाला. "आधीचे फुल आहेत. त्या क्लार्क बाई देत नव्हत्या, म्हणाल्या, तुम्हीच ना ते धूरवाले. मी जजबाईंना मध्ये घातलं. होमाला आत परमिशन नाही. होम त्या झाडाखाली. वारा त्या साइडने आहे, धूर बिल्डिंगकडे येणार नाही, मी चेक केलंय. मंगलाष्टकं वरच्या हॉलमध्ये. आणि तू त्या जिन्याने उतरायचं."

"बाबा, आणि तू?" इराने विचारलं.

"मी तुझ्या बाजूला असणार ना! एवढा मोठा जिना काय तू एकटी उतरणार?"

इराने त्याला अशी मिठी मारली, की त्याचा चष्मा गवतात पडला. तो शोधून तिने त्याच्या नाकावर बसवला आणि बेनला फोन करायला पळाली. फोनवर ती इतक्या मोठ्याने किंचाळत होती, की कचेरीच्या खिडक्यांतून माणसं पुन्हा डोकावली.

दिलीप माझ्याशेजारी ओट्यावर बसला. कोपऱ्यातून गार हवा आत जात होती, ती आमच्या पाठीला लागत होती. जरा वेळाने तो इमारतीकडे बघतच म्हणाला, "ताई, तुझ्या लग्नाच्या दिवशी मी सायकल घेऊन कोर्टापर्यंत आलो होतो."

मी मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"गेटजवळ चिंचेच्या झाडाखाली उभा होतो. तुम्ही दोघं बाहेर आलात. तुझ्या अंगावर हिरवी साडी होती. भाऊजींच्या हाराची फुलं गळत होती आणि तू ती वेचत होतीस. हाक मारायला तोंड उघडलं, पण बाबांना कळलं तर, म्हणून नाही मारली. घरी जाऊन सांगितलं, क्लास होता."

साडी हिरवीच होती. फुलंही मी वेचली होती. हे या जगात आम्हा दोघांशिवाय कोणाला माहीत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी दिलीपच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, मग त्याचं डोकं धरून रडले, मग हसायला लागले. जजबाई जेवायला बाहेर निघाल्या होत्या, त्या थबकल्या आणि सगळं ठीक आहे ना, म्हणून विचारून गेल्या.

मी तिथूनच पुण्याला फोन लावला. तिकडे झोपायची वेळ होऊन गेली होती. बऱ्याच वेळाने यांचा घोगरा आवाज आला.

"अहो, उठा," मी ओरडलेच, "आपल्या लग्नाला माझा भाऊ आला होता!"